कान्हेरी पाहून दक्षिणेकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाठीवर उंच पिशवी बांधलेली गोरी मुलं-मुली आपल्या उपनगरांना नवीन नाहीत. सहारच्या विमानतळावर पहाटे उतरायचं, रिक्षावाल्याशी खुणांनी बोलत अंधेरी गाठायची, एखादा दिवस बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीची लेणी पाहायची आणि मग कुर्ल्याच्या टर्मिनसवरून नेत्रावती एक्स्प्रेसने गोवा, मंगळूर करत थेट केरळ. 1998 साली कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून हा रस्ता फार सोपा झाला. हातात पूर्वी जाडजूड मार्गदर्शक पुस्तक असायचं, आता मोबाइल असतो. चेहऱ्यावरचा गोंधळ मात्र तोच. कुणावर विश्वास ठेवायचा, कुणावर नाही, हे त्या चेहऱ्याला ठरवता येत नसतं.

आपल्याला वाटतं, हे हिप्पी मंडळींपासून सुरू झालं. पण याच वाटेने, म्हणजे वसई, बोरिवली, गोवा आणि पुढे घाट चढून दक्षिणेत, 1695 साली एक इटालियन माणूस गेला होता. त्याचं नाव जेमेली करेरी. आज मी त्याची ओळख करून देणार आहे, कारण परका देश पहिल्यांदा पाहणाऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्याच्या लिखाणातून फार स्वच्छ कळतं.

करेरीचा जन्म 1651 सालचा, इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रिया प्रांतात. शिक्षणाने तो कायदेपंडित. नेपल्समध्ये बढतीच्या जागा बड्या घराण्यांतल्या मुलांना मिळायच्या आणि याची वाट अडायची. शेवटी कंटाळून 1693 साली तो घराबाहेर पडला. तो राजाचा वकील नव्हता, कुठल्या कंपनीचा नोकर नव्हता आणि धर्मोपदेशकही नव्हता. इजिप्त, तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान, चीन, फिलिपाइन्स, मेक्सिको असा फिरत 1698 च्या अखेरीस तो घरी परतला. प्रवासाचं वर्णन त्याने सहा खंडांत छापलं. त्यातला हिंदुस्थानचा भाग सुरेंद्रनाथ सेन यांनी संपादित केला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तो 1949 साली इंग्रजीत प्रसिद्ध केला.

पहिला प्रश्न पैशाचा. एवढ्या लांबच्या प्रवासाला खर्च कुठून आणायचा? करेरीचं उत्तर व्यापारी होतं. एका बंदरात स्वस्त मिळणारा माल घ्यायचा आणि पुढच्या बंदरात चढ्या भावाने विकायचा. इराणच्या बंदर अब्बासहून सुरतेला येणाऱ्याने खजूर, दारू, सुकवलेली किंवा सिरक्यात मुरवलेली फळं आणावीत, चांगला नफा होतो, असा सल्ला तो वाचकांना देतो. म्हणजे त्याच्या सामानात कपड्यांबरोबर पुढच्या मुक्कामाचं भाडंही असायचं.

दुसरा प्रश्न निवाऱ्याचा आणि भाषेचा. त्या काळी मुंबई बेट इंग्रजांकडे होतं, पण वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतचं साष्टी बेट, म्हणजे आजचं बहुतेक उपनगर, पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. त्यातलं बहुतेक 1737 पर्यंत राहिलं. मग 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज मुलखात करेरीला पाद्र्यांचे मठ आणि ओळखीच्या चिठ्ठ्या उपयोगी पडत. वसईत तर त्याला गळ घातली गेली, की इथेच लग्न करा आणि वकिली करत राहा. त्याने नकार दिला. युरोप कायमचा सोडायची त्याची तयारी नव्हती. पोर्तुगीज हद्द संपली, की मात्र दुभाषा, हमाल आणि वाटेत भेटणारा तांडा यांच्यावर सगळी भिस्त. पाठपिशवीवाल्या प्रवाशाचं आजही असंच असतं. तो स्वतंत्र दिसतो खरा, पण पावलोपावली कुणा अनोळखी माणसाच्या भरवशावर चालतो.

वसईहून तो साष्टीत आला. मंडपेश्वरला खडकात कोरलेल्या लेण्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी चर्च केलं होतं, ते त्याने पाहिलं. मग जंगलातून कान्हेरी गाठली. तिथे तो अक्षरशः थक्क झाला. नुसता थक्क होऊन थांबला नाही, तर लांबी-रुंदी पावलांनी मोजून त्याने लिहून ठेवली, खांबांचं आणि मूर्तींचं वर्णन केलं. हे वर्णन आजही हातात घेऊन लेणी पाहता येतात. आणि एवढं सगळं डोळ्यांनी नीट पाहून त्याने निष्कर्ष काय काढला? हे काम सिकंदराचं मानलं जातं, आणि असलं अचाट काम सिकंदराशिवाय दुसऱ्या कुणाच्याने होणंच शक्य नाही!

आता सिकंदर इसवी सनापूर्वी 326 साली पंजाबात बियास नदीपाशी आला आणि तिथूनच मागे फिरला. बोरिवलीशी त्याचा काही संबंध नाही. कान्हेरीचं कोरीवकाम सुरू झालं तेव्हा त्याला मरून तीनशे वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. इथे बौद्ध भिक्खू राहत, पावसाळ्याचे चार महिने काढत, पावसाचं पाणी खडकातल्या टाक्यांत साठवत. लहान-मोठी मिळून शंभराहून अधिक लेणी आहेत. ती कुणी करवली, हे तिथेच भिंतींवर कोरून ठेवलेलं आहे. दात्यांमध्ये व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, कल्याणचा एक सोनार आहे, त्याने पाण्याचं टाकं दिलं. कल्याणचाच एक लोहार आहे, त्याने लेण्यांकडची वाट करून दिली. सोपारा, चौल, नाशिक ही गावंही त्या लेखांत भेटतात. म्हणजे ज्या गावांचे लोक आज रोज लोकलने आपल्याबरोबर लटकत येतात, त्यांच्या पूर्वजांनी चार पैसे घालून हे उभं केलं.

करेरीला ही अक्षरं वाचता येणं शक्यच नव्हतं. ब्राह्मी लिपी तेव्हा कुणालाच येत नव्हती. ती जेम्स प्रिन्सेपने 1837 साली उलगडली. तेव्हा न वाचल्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मुद्दा वेगळाच आहे. जिथे त्याला माहिती नव्हती, तिथे त्याने जागा मोकळी ठेवली नाही. आपल्या घरून आणलेलं एक मोठं नाव त्याने तिथे बसवलं. इथल्या एखाद्या सोनाराने, लोहाराने हे केलं असेल, ही शक्यताच त्याच्या मनाला शिवली नाही.

मला हा मुद्दा जरा जास्तच लागतो, याचं कारण सांगतो. माझं घरचं बोलणं दखनी, शाळा मराठी, बी.ए.लाही मराठीच घेतलं आणि पुढे कविता त्याच भाषेत सुचत गेल्या. तरी कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो, की एखादे सद्‌गृहस्थ प्रेमाने पाठीवर हात ठेवून विचारतात, 'एवढं छान मराठी कुठे शिकलात?' त्यांच्या मनात काही वाईट नसतं. ते माझी स्तुतीच करत असतात, जशी करेरीने कान्हेरीची केली. पण हे इथलंच असेल, असं त्यांना वाटत नाही. ज्या गावात माझ्या पिढ्या गेल्या, तिथे मला पाहताना ते पहिल्यांदाच आलेले प्रवासी होतात. परक्या देशात जाऊनच माणूस परका होतो असं नाही. आपल्या गल्लीतसुद्धा होतो.

करेरीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. कान्हेरीनंतर तो समुद्रमार्गे गोव्याला गेला आणि तिथून फोंड्यावरून घाट चढून कृष्णेकाठी गलगलीला पोचला. हे गाव आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथे औरंगजेबाची छावणी होती. तो काळ आठवा. 1689 साली संभाजी महाराजांची हत्या झालेली, राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात, संताजी-धनाजी मोगलांना सळो की पळो करत आहेत. अशा धामधुमीत हा एकटा परदेशी वकील केवळ बादशहाला पाहायला निघाला! छावणीचा घेर तीस मैल, आत लाखो माणसं आणि अडीचशे बाजार, असे आकडे त्याने दिले आहेत. ते त्याने ऐकलेले आकडे, तेव्हा त्याच बेताने घ्यावेत. पण मार्च 1695 मध्ये औरंगजेबाला समोर पाहून त्याने जे टिपलं, ते वेगळ्या जातीचं आहे. ठेंगणा, मोठ्या नाकाचा, सडपातळ, वयाने वाकलेला म्हातारा. सावळसर कातडीवर उठून दिसणारी पांढरी गोल दाढी. पगडीत मोठा पाचू. लोकांचे अर्ज घेतोय, चष्म्याशिवाय वाचतोय, स्वतःच्या हाताने त्यावर शेरा मारतोय. बादशहाने त्याला विचारलं, तू कुठल्या देशाचा, इथे कशाला आलास, माझ्याकडे चाकरी करशील का. हंगेरीतल्या तुर्कांच्या लढाईचीही चौकशी केली.

औरंगजेब म्हटलं, की आपल्याकडे बोलणाऱ्याचा आवाज आधी चढतो आणि मग माणूस आठवतो. करेरीला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. त्यामुळे त्याला शहात्तर वर्षांचा, आपलं घरदार सोडून दख्खनमध्ये अडकून पडलेला एक म्हातारा जसा होता तसा दिसला. इतिहासकार आजही हा उतारा वापरतात. करेरी घराबाहेर पडलाच नाही, सगळं ऐकीव लिहिलं, असा आरोप पुढे युरोपात झाला होता. पण मेक्सिकोविषयीचं त्याचं वर्णन हम्बोल्टसारख्या शास्त्रज्ञाने तिथे जाऊन पडताळलं आणि त्याची बाजू घेतली.

एकच माणूस, दोन महिन्यांच्या आत, एका ठिकाणी एवढा चुकतो आणि दुसऱ्या ठिकाणी एवढा अचूक असतो. माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण साधं आहे. डोळ्यांनी जे दिसलं ते लिहिताना तो भरवशाचा आहे. ते कुणी केलं, का केलं, याचं उत्तर तो घरून घेऊन आला होता, तिथे तो फसला. प्रवासवर्णन कुणाचंही असो, ही चाळणी लावून वाचावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियनाचं, आजच्या जर्मन मुलीचं, किंवा युरोपची दहा दिवसांची सहल करून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांचंही.

कान्हेरी बोरिवली स्टेशनपासून लांब नाही. पार्काच्या दरवाजापासून साधारण सहा किलोमीटर आत. सोमवार सोडून कधीही जा, शक्यतो सकाळी. मोठं चैत्यगृह तर सगळेच पाहतात, पण थोडं वर चढून नव्वद क्रमांकाच्या लेण्यातही जा. तिथे 1009 आणि 1021 सालचे पहलवी भाषेतले लेख आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं तिथे कोरून ठेवली. म्हणजे करेरीच्याही सातशे वर्षं आधी इथे प्रवासी येत होते. आणि एखादा पाठपिशवीवाला तिथे नकाशा उलटसुलट करत उभा दिसला, तर त्याला कल्याणच्या त्या लोहाराने करून दिलेल्या वाटेची गोष्ट जरूर सांगा. पुढे दक्षिणेत त्याला हंपी दिसेल, महाबलीपुरम् दिसेल. तिथेही हे कुणी केलं असेल, असा प्रश्न त्याला पडेलच.