घरातल्या प्रत्येकाच्या आवडीचं गाव

परवा एसटीत शेजारच्या ताईंनी विचारलं, "सुट्टीत मुलांना वाचायची गोडी लागेल असं कुठे न्यावं?" म्हणून ही पोस्ट.

पाचगणीजवळचं भिलार 📚 ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' आहे. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायची. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं, इथे स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी वाचकांसाठी उघडलेली घरं. एका घरी बालसाहित्य, दुसऱ्या घरी कादंबऱ्या, तिसरीकडे कविता. पैसे लागत नाहीत. हवं तितका वेळ बसून वाचा.

आमच्याकडे आईला बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा लागतात, झुंजार आणि काळा पहाड तर तोंडपाठ! बहिणीला प्रेमकथा, भाच्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. अशा घरासाठी भिलारसारखी जागा नाही.

सांगलीकरांनो, पुढे 'पुस्तकांचं गाव' योजनेत पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं अंकलखोपही निवडलं गेलं.

माझा अनुभव सांगते: मुलांच्या हाती आपण निवडलेलं पुस्तक देऊ नका. बालसाहित्याच्या घरात त्यांना मोकळं सोडा. चित्रं बघत बघत ती आपोआप वाचायला लागतात.

जायचा बेत असेल, किंवा कोणत्या वयाला काय द्यावं असा प्रश्न असेल, तर कमेंटमध्ये जरूर विचारा. तुमच्या घरात कोण काय वाचतं, तेही सांगा!