जुने स्टेडियम दुरुस्त करावे की पाडावे? सान सिरोच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. एखादी वस्तू सतत बदलत असेल, तर ती 'तीच' वस्तू आहे असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आज हाच प्रश्न घेऊन आपण फुटबॉलच्या मैदानावर जाणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत स्टेडियम कुठून आले, असे काहींना वाटेल. पण आमचा अनुभव असा, की वर्गात नीट न सुटणारे प्रश्न पालिकेच्या सभागृहात फार स्पष्ट होतात. तिथे शेवटी हात वर करून मत द्यावे लागते ना!

इटलीतल्या मिलान शहरात सान सिरो नावाचे स्टेडियम आहे. ते उघडले १९२६ साली. एसी मिलान क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांनी ते बांधून घेतले. टायरवाले पिरेल्ली, तेच घराणे. पहिला सामना मिलान आणि इंटर या गावातल्याच दोन क्लबांमध्ये झाला आणि गंमत म्हणजे पाहुण्या इंटरने तो ६–३ असा जिंकला. १९३५ मध्ये स्टेडियम महापालिकेने विकत घेतले. १९४७ पासून इंटरही तिथेच खेळू लागले. म्हणजे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी एकाच घरात भाडेकरू. १९८० मध्ये त्याला जुझेप्पे मेआत्सा यांचे नाव दिले. हा खेळाडू दोन्ही क्लबांकडून खेळला होता, त्यामुळे भांडण झाले नाही.

आता या इमारतीचे काय काय झाले बघा. सुरुवातीला सुमारे ३५ हजार प्रेक्षकांची सोय होती. तिसाव्या दशकाच्या अखेरीस ती वाढवली. १९५५ मध्ये जुन्या बैठकांच्या वर दुसरे कडे चढवले. १९९० च्या विश्वचषकासाठी तिसरे कडे आले. बाहेरून अकरा गोल मनोरे उभारून त्यांच्यावर ते पेलले आणि वर लाल पोलादी तुळयांचे छप्पर घातले. आज सान सिरो म्हटले की डोळ्यांसमोर येते ते हे रूप, म्हणजे फक्त १९९० चे. पण लोक म्हणतात, 'आमच्या आजोबांनी इथेच सामना पाहिला.' आजोबा ज्या पायऱ्यांवर बसले, त्यांतले आज फार थोडे शिल्लक आहे. मग 'इथेच' म्हणजे नक्की कुठे?

प्लुटार्कने थिसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे, ती तुम्हाला आठवत असेल. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाके का? आस का? जू का? राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो. सुटा कुठलाही भाग रथ नसतो. भाग एकत्र येतात, त्या जुळणीला आपण व्यवहारासाठी 'रथ' हे नाव देतो.

मिलानमध्ये हा प्रश्न केवळ बुद्धीचा खेळ राहिला नाही, तो कायद्याचा झाला. दोन्ही क्लबांनी २०१९ मध्ये नवे स्टेडियम बांधायचा प्रस्ताव मांडला. मग विचारणा झाली, की ही इमारत वारसा म्हणून संरक्षित आहे का? २०२० मध्ये वारसा खात्याच्या प्रादेशिक समितीने मत दिले, की मूळ १९२६ च्या आणि तिसाव्या दशकातल्या बांधकामाचे अवशेष नाममात्र उरले आहेत, सतत फेरफार होत आले आहेत, तेव्हा सांस्कृतिक महत्त्व नाही. म्हणजे सरळ शब्दांत, फळ्या बदलल्या, म्हणून जहाज ते नव्हे.

पण दुसऱ्या बाजूला इटलीचा कायदा असाही आहे, की सार्वजनिक मालकीच्या वास्तूला सत्तर वर्षे झाली की ती वारसा ठरू शकते. १९५५ चे दुसरे कडे २०२५ च्या नोव्हेंबरात सत्तर वर्षांचे होणार होते. म्हणजे अख्खी इमारत वारसा नाही, पण तिचे मधले कडे एका ठरावीक सकाळपासून वारसा होणार! साहजिकच धावपळ झाली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस रात्रभर चाललेल्या सभेनंतर नगरपरिषदेने २४ विरुद्ध २० मतांनी विक्रीला मंजुरी दिली. १९ कोटी ७० लाख युरोला स्टेडियम आणि भोवतालची जमीन क्लबांना विकली गेली. कागदपत्रांवर सह्या झाल्या ५ नोव्हेंबरला, मुदत संपायच्या काही दिवस आधी. ठरले असे, की शेजारच्या जागेत सुमारे ७१,५०० आसनांचे नवे स्टेडियम बांधायचे, तोवर सामने जुन्यातच खेळायचे, आणि मग जुने पाडून दुसऱ्या कड्याचा एक छोटा तुकडा आठवण म्हणून ठेवायचा.

इथे थोडे थांबू. निर्णय बरोबर की चूक, हे आम्ही इथे बसून सांगणार नाही. पण कुठली कारणे खरी आणि कुठली नुसती सजावटीची, हे आपल्याला तपासता येते.

पहिले कारण सुरक्षिततेचे. हे सगळ्यांत जड, इथे भावनेला जागा नाही. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या जुन्या लाकडी स्टँडला सामना चालू असताना आग लागली. खाली वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला होता. ५६ माणसे गेली. तो स्टँड हंगाम संपल्यावर दुरुस्त व्हायचा होता, छपरासाठी पोलादसुद्धा आणून ठेवले होते. 'जुने आहे, राहू द्या' असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही बघा. तो क्लब आजही त्याच जागेवर खेळतो. स्टँड नव्याने बांधला, जागा सोडली नाही. म्हणजे सुरक्षिततेमुळे इतकेच सिद्ध होते, की धोकादायक भाग बदलला पाहिजे. सगळेच पाडले पाहिजे, हे त्यातून आपोआप निघत नाही.

दुसरे कारण तांत्रिक. दुरुस्ती नेहमी निरुपद्रवी असते असा आपला एक भाबडा समज असतो. सान सिरोला १९९० मध्ये तिसरे कडे आणि छप्पर आले आणि मैदानावरचे ऊन-वारा अडले. गवत नीट वाढेना, हिरवळ पुन्हा पुन्हा बदलावी लागली. प्रेक्षकांची सोय झाली आणि खेळाची जमीन बिघडली. शिवाय दोन क्लब एकाच मैदानावर खेळत असताना काम करायचे कधी? २०२४ मध्ये एका बांधकाम कंपनीने टप्प्याटप्प्याने नूतनीकरणाचा आराखडा दिला होता, क्लबांनी तो नाकारला. पण 'अशक्य आहे' आणि 'आम्हाला परवडत नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. सभेत ती हमखास एकमेकांत मिसळली जातात. ती वेगळी करणे हे आपल्यासारख्यांचे काम.

अवघड असूनही दुरुस्ती झाल्याचे उदाहरण लिव्हरपूलचे. त्या क्लबने शेजारच्या स्टॅनले पार्कमध्ये नवे स्टेडियम बांधायची योजना केली होती. २०१२ मध्ये ती सोडून दिली आणि आहे तेच अ‍ॅनफिल्ड वाढवायचे ठरवले. २०१६ मध्ये मुख्य स्टँड वाढला, नंतर दुसऱ्या बाजूचा, आणि आसने ६० हजारांच्या पुढे गेली. खेळ चालू राहिला. मात्र त्यासाठी लगतच्या गल्ल्यांतली घरे पाडावी लागली. तेव्हा दुरुस्ती म्हणजे कुणाचेच काही पडत नाही, असेही नाही. पडझड कधी कधी शेजाऱ्याच्या अंगणात सरकते, इतकेच.

तिसरे कारण पैशाचे, आणि याच्याविषयी सगळ्यांत कमी मोकळेपणाने बोलले जाते. लंडनच्या आर्सेनल क्लबचे हायबरी मैदान जेमतेम ३८ हजारांचे होते, चारी बाजूंनी वस्ती. २००६ मध्ये ते जवळच ६० हजारांच्या नव्या स्टेडियममध्ये गेले. तिथे कारण उघड आहे, माणसे मावत नव्हती. आता सान सिरो बघा. जुन्यात सुमारे ७५ हजार बसतात, नव्यात ७१,५०० बसणार. म्हणजे नवे स्टेडियम लहान! मग कारण गर्दीचे नाही. प्रत्येक आसनामागे किती उत्पन्न येते, त्याचे आहे. पाहुण्यांसाठी खास कक्ष, रेस्टॉरंट, दुकाने, आणि आठवड्याचे सातही दिवस चालणारा धंदा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, क्लबला खेळाडूंचे पगार द्यायचे असतात. पण मग प्रश्न विचारला पाहिजे, जी आसने कमी झाली ती कोणाची? वरच्या कड्यावर स्वस्त तिकिटात बापलेक येऊन बसत, त्यांची जागा नव्या नकाशात कुठे आहे? आपल्याकडे सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत बसलेल्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मोठ्या कार्पेट एरियाचे सगळे ऐकतात. 'महिन्याचा मेंटेनन्स किती?' हे मात्र मागच्या रांगेतले निवृत्त काकाच विचारतात.

चौथी गोष्ट अलीकडची, काँक्रीटची. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. उभ्या इमारतीचा तो खर्च निसर्गाने एकदा भरून झालेला असतो. पाडून नवी बांधली की तोच खर्च पुन्हा. नवी इमारत विजेची कितीही बचत करो, हा हिशेब पहिल्या ओळीत मांडायला हवा, तळटिपेत नव्हे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. स्टेडियम म्हणजे काय? आम्हाला वाटते, त्याचे तीन थर आहेत. एक, साहित्य: पोलाद, काँक्रीट. दोन, ठिकाण: ट्राम कुठे उतरवते, कुठल्या कोपऱ्यावर खायची गाडी असते. तीन, व्यवहार: कोण येतो, कोणाबरोबर, किती वेळा. सान सिरोचा इतिहास सांगतो, की साहित्य जवळजवळ सगळे बदलले तरी लोकांच्या लेखी ते तेच राहिले, कारण ठिकाण आणि व्यवहार टिकले. तेव्हा वारसा समिती साहित्याबद्दल कदाचित बरोबर असेल, पण तिने पाहिला एकच थर. आणि दुसऱ्या कड्याचा तुकडा जपून ठेवणारेही त्याच थराला धरून बसले आहेत. हॉब्जने थिसिअसच्या गोष्टीला एक जोड दिली होती. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे जहाज बांधले तर? फळ्या अस्सल, पण त्या जहाजात बसून कोणी कुठे जात नाही.

आपल्या भाषेत 'जीर्णोद्धार' हा फार चांगला शब्द आहे. त्यात उद्धार आहे, संग्रहालय नाही. जीर्ण झालेले बदलायचे, कारण तिथली पूजा चालू राहिली पाहिजे. चिरा नवा आला म्हणून देऊळ बाटत नाही. पण उत्तम नवे देऊळ बांधले आणि रोजचा भक्त दारातच अडला, तर तो जीर्णोद्धार नव्हे.

यातून आमचे मत असे. सिद्ध करण्याची जबाबदारी पाडणाऱ्यावर असावी. कारण दुरुस्तीचा निर्णय चुकला तर उद्या पाडता येते, पाडण्याचा चुकला तर परत उभारता येत नाही. ही जबाबदारी पेलता येत नाही असे नाही, हायबरीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी पेलली गेली. तिथल्या १९३६ च्या स्टँडचा दर्शनी भाग राखला, आत घरे झाली आणि खेळाच्या जागी बाग आली. पण 'अमुक तारखेनंतर कायदा आडवा येईल' हे पाडण्याचे कारण होऊ शकत नाही. ते फक्त घाईचे कारण आहे. मिलानमध्ये चोवीस जणांकडे चांगली कारणे असतीलही, पण कॅलेंडरने ती तपासायला वेळ दिला नाही, ही आमची खंत.

तुमच्या गावात नाट्यगृह असो, मंडई असो की मैदान, असा ठराव आला तर तीन प्रश्न विचारून पाहा. नेमका कोणता भाग जीर्ण झाला आहे? नव्यात कोणाची जागा कमी होणार? आणि आजच ठरवायची घाई कोणाला आहे? उत्तरे मिळाली की मग खुशाल हात वर करा, या बाजूने किंवा त्या.

आज इतकेच. पुढच्या वेळी आपण हॉब्जच्या त्या दुसऱ्या जहाजाकडे जरा सावकाश पाहू.