दगडमाशाचे काटे कशासाठी?

विषारी प्राणी म्हटला की आपल्याला नाग आठवतो. नाग विषाने भक्ष्य मारतो. त्यामुळे विष हे शिकारीचे हत्यार, असा आपला समज होतो. प्रवाळखडकांच्या तळाशी राहणारा एक मासा हा समज तपासून पाहायला लावतो. इंग्रजीत त्याला स्टोनफिश म्हणतात. आपण दगडमासा म्हणू. शास्त्रीय नाव सिनान्सिया व्हेरुकोसा. तांबड्या समुद्रापासून फ्रेंच पॉलिनेशियापर्यंतच्या उष्ण, उथळ पाण्यात तो आढळतो. आपल्या अंदमान व लक्षद्वीप बेटांभोवतीही तो आहे.

हा मासा फारसा पोहत नाही. वाळूत अर्धवट रुतून तो तासन्‌तास निश्चल पडून असतो. बिनखवल्यांची खडबडीत कातडी आणि तिच्यावर वाढलेले शैवाल यांमुळे तो दगडच भासतो. परिसरात असे मिसळून जाण्याला मायावरण म्हणतात. एखादा लहान मासा तोंडाजवळ आला की तो जबडा एकदम उघडतो. तोंडाची पोकळी मोठी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरचे पाणी भक्ष्यासकट आत ओढले जाते. हे सारे आपली पापणी लवण्याच्या आत घडते. वर्गात हे तत्त्व ड्रॉपरने दाखवता येईल. पाण्यात खडूची भुकटी टाका. ड्रॉपरचा फुगा दाबून टोक पाण्यात धरा आणि फुगा सोडा. भुकटीचे कण पाण्याबरोबर आत खेचले जातील.

या शिकारीत विष कुठेच आले नाही! ते आहे पाठीवरच्या १३ काट्यांत. प्रत्येक काट्याला दोन विषग्रंथी असतात. वरून दाब पडला की ग्रंथी दाबल्या जातात आणि विष काट्याच्या खोबणीतून जखमेत शिरते. म्हणजे मासा दंश करायला येत नाही. त्याच्यावर पाय देणारा स्वतःच विष टोचून घेतो. तळाशी अन्न शोधणाऱ्या शार्क व पाकटांपासून या न पळणाऱ्या माशाचे रक्षण काटे करतात.

माणसालाही धोका आहे तो यामुळेच. मासा दिसत नाही आणि चाहूल लागली तरी हलत नाही. काटा रुतला की असह्य वेदना होतात, सूज येते. क्वचित प्राणही जाऊ शकतो. हे विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने त्याचा जोर कमी होतो. म्हणून जखमी पाय सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवतात. पाणी आधी दुसऱ्या माणसाने हाताने पाहावे, नाहीतर पाय भाजेल. रुग्णाला दवाखान्यात मात्र न्यायलाच हवे. ऑस्ट्रेलियात १९५९ पासून यावर प्रतिविषही उपलब्ध आहे.

आता विद्यार्थ्यांना विचारू या: नाग, विंचू, मधमाशी, कोळी आणि दगडमासा यांपैकी कोण विष शिकारीसाठी वापरतो, कोण बचावासाठी आणि कोण दोन्हींसाठी? उत्तराबरोबर कारणही मागावे. प्राण्याचा एखादा अवयव कशासाठी आहे, हे तो प्राणी कसा जगतो हे पाहिल्यावरच कळते.