पानातले प्रथिन प्रयोगशाळेत कसे तयार करतात?



गव्हाची पेरणी लांबली आणि दाणा भरताना ऊन तापले, की उतारा घटतो. ज्वारी-बाजरी मात्र तेवढ्याच उन्हात तग धरते. याला कारणे अनेक आहेत. त्यांतले एक कारण पानातल्या एका प्रथिनात आहे. त्याचे नाव रुबिस्को. हे प्रथिन आता प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेता येते. ते कसे, आणि आपल्याला त्याचा उपयोग काय, ते पाहू.

रुबिस्को काय काम करते?

पीक आपले अन्न पानात, सूर्यप्रकाशावर तयार करते. त्यासाठी हवेतला कर्बवायू पकडावा लागतो. ते काम रुबिस्को करते. गहू, भात, सोयाबीन, कापूस, तूर या पिकांच्या पानांतल्या एकूण नत्रापैकी सुमारे पाव भाग एकट्या या प्रथिनात असतो. म्हणजे तुम्ही दिलेल्या युरियाचे नत्र पिकाने घेतले, की त्याचा बराच वाटा इथे साठतो. पुढे दाणा भरताना हे प्रथिन मोडते आणि तेच नत्र दाण्यात जाते.

पण या गड्यात दोन खोडी आहेत. एक, तो कामाला फार संथ आहे. एका सेकंदात कर्बवायूचे जेमतेम काही कण पकडतो. दुसरी, कर्बवायूऐवजी तो कधी कधी प्राणवायूच पकडतो. मग तयार झालेल्या अन्नातले काही वाया जाते. ऊन वाढले की ही चूक वाढते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत रुबिस्कोभोवती कर्बवायू दाटून ठेवण्याची सोय असते, म्हणून तिथे ही चूक फार कमी होते.

जिवाणूंकडून प्रथिन कसे घेतात?

मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिनचे इंजेक्शन देतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसाचे इन्सुलिन तयार करण्याची कृती ज्या जनुकात असते, ते जनुक जिवाणूत घालतात. मग जिवाणू इन्सुलिन तयार करतो. अशा इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ साली परवानगी मिळाली.

रुबिस्कोचे मात्र इतके सोपे नव्हते. त्याचे आठ मोठे आणि आठ लहान असे सोळा भाग असतात. बैलगाडीचे आरे, तुंबा आणि धाव अंगणात आणून टाकली म्हणजे चाक होत नाही. ती जोडायला सुतार लागतो. तसेच इथेही आहे. जिवाणूत रुबिस्कोचे भाग तयार होत, पण नीट जुळत नसत, त्यांच्या गुठळ्या होत. पानात हे भाग जुळवणारी मदतनीस प्रथिने असतात. जर्मनीत म्युनिकजवळच्या मॅक्स प्लांक संस्थेत मनजित हायर-हार्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पाच मदतनीस प्रथिनेही जिवाणूत तयार करवली. तेव्हा कुठे अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहान रोपाचे रुबिस्को जिवाणूत नीट जुळून आले. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले.

याचा फायदा काय?

रुबिस्को पालकाच्या पानांतूनही काढता येते. पण त्यात एखादा बदल करून पाहायचा, तर पूर्वी अख्खे रोप बदलून वाढवावे लागे. त्यात महिने जात. जिवाणू काही तासांत वाढतात. त्यामुळे एकेक बदल करून, प्रथिन जलद झाले का, त्याची चूक कमी झाली का, हे लवकर तपासता येते. चांगला बदल सापडला तरी तो पिकात आणणे आणि शेतावर चाचण्या घेणे हे काम उरतेच. असे सुधारित रुबिस्को असलेले बियाणे आज बाजारात नाही.

सावध राहा

प्रयोगशाळेतले प्रथिन अगदी थोडे, मिलिग्रॅमच्या मापात, बर्फाहून थंड जागी ठेवतात. ते फक्त संशोधनासाठी असते. पानावर फवारले तर एवढे मोठे प्रथिन पानाच्या आत, जिथे काम चालते तिथे, पोचत नाही. रायझोबियमच्या पाकिटात जिवंत जिवाणू असतात, ते मुळांवर गाठी करतात. प्रथिन जिवंत नसते. ते शेतात वाढणार नाही. तेव्हा ‘पानाची अन्न करण्याची ताकद वाढवणारे प्रथिन’ म्हणून कोणी बाटली विकायला आला, तर खिशात हात घालू नका, बरं का!

पानात आहे त्या रुबिस्कोकडून पुरते काम घ्यायचे असेल तर

१. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, म्हणजे दाणा कडक उन्हाच्या आधी भरेल.

२. माती तपासून नत्र द्या. गव्हाला अर्धे नत्र पेरताना आणि अर्धे सुमारे तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याच्या वेळी द्या.

३. दाणा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका. ताण पडला की पानाची छिद्रे मिटतात, कर्बवायू आत कमी येतो आणि रुबिस्कोची चूक वाढते.

४. वरची पाने तांबेरा आणि मावा यांपासून जपा. दाणा भरतो तो मुख्यतः त्यांच्याच जोरावर.