जुन्या हायब्रिड सायकलीचा जीर्णोद्धार

‘हायब्रिड’ हा शब्द बारामती-इंदापूरच्या माणसाला नव्याने शिकवावा लागत नाही. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले आणि थोड्याच वर्षांत हा शब्द घरोघरी रुळला. पुढे गोठ्यातल्या संकरित गाईलाही तोच लागला. सायकलीच्या बाबतीतही अर्थ वेगळा नाही. डांबरी रस्त्यावर हलकी पळणारी सायकल आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतून जगभर पसरलेली जाड टायरांची डोंगरी सायकल, या दोन जातींचा हा संकर. मात्र संकरित बियाणे दर हंगामाला नवे घ्यावे लागते. सायकलीचा सांगाडा नीट राखला तर वीस-पंचवीस वर्षे सहज टिकतो.

असे असूनही या सायकली जिन्याखाली गंजत पडलेल्या दिसतात. २०२० च्या टाळेबंदीत सायकलींची मागणी एकाएकी वाढली. त्याच वर्षी ३ जून रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ‘ॲटलास’चा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. हौसेची सायकल वाढत असताना कामाची सायकल बनविणारे जुने नाव थांबावे, हा विरोधाभास बोलका आहे. टाळेबंदी उठली, हौस ओसरली. त्या सायकली आता स्वस्तात मिळतात, आणि विद्यार्थ्याला किंवा कारकुनाला पडणारा प्रश्न असा की त्यांवर खर्च करावा की नाही, आणि करावा तर नेमका कशावर.

या दोन तालुक्यांपुरते उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग रुंद आणि गुळगुळीत आहे. तो सोडला की नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरची मातीची वाट लागते, पुढे उसातून जाणारा मुरमाड रस्ता; उत्तरेला भिगवण-कुंभारगावकडे उजनीच्या फुगवट्याचा काठ, तर कडबनवाडीकडे खडकाळ माळरान. एका सकाळच्या प्रवासात इतक्या प्रकारची जमीन पायाखालून जात असेल तर निव्वळ शर्यतीची सायकलही उपयोगी नाही आणि निव्वळ डोंगरीही नाही.

जीर्णोद्धाराचा आरंभ रंगाने होऊ नये. पुष्कळ दुकानांत ‘ओव्हरहॉलिंग’ला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात, आणि कधीकधी काम त्या नावाला जागूनच होते: वरून तेल ओतले की संपले! या भागातल्या धुळीत जादा तेल म्हणजे चेनीला चढविलेला कानस. चेन रॉकेलने धुऊन, पुसून तिच्यावर पोलादी पट्टी धरावी. नव्या चेनीत पहिल्या खिळ्यापासून पंचविसावा खिळा बरोबर बारा इंचांवर येतो. तो एक-षोडशांश इंच पुढे सरकला असेल तर चेन बदलावी. एक-अष्टमांश सरकला असेल तर फ्रीव्हीलचे दातेही झिजले असे समजावे. चाकांतले छर्रे काढून कोन पाहावेत. त्यांवर खड्डे पडले असतील तर नुसते ग्रीस भरण्यात अर्थ नाही. रिमच्या कडेवरून बोट फिरवताना पोकळ खोलगटपणा जाणवला तर रिम जुनी झाली. ब्रेकची रबरे कितीही नवी घातली तरी ती भरवशाची नव्हे.

टायरच्या बाबतीत फसगत फार होते. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या जुन्या काळ्या सायकलीचे टायर अठ्ठावीस इंची, आणि हायब्रिडच्या टायरवरही कधीकधी अठ्ठावीसच छापलेले असते. परंतु पहिल्याची रिम ६३५ मिलिमीटरची आणि दुसरीची ६२२ ची. एकाचे टायर दुसरीला बसत नाही. म्हणून टायरच्या कुशीवर ‘३७-६२२’ असा आकडा वाचूनच खरेदी करावी. रुंदीबद्दलही तारतम्य हवे. रुंद टायर मुरमावर सुख देते हे खरे. पण पावसाळ्यात काळी चिकण माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते. दोन्हींत बोटभर फट राहील इतकेच रुंद टायर या जमिनीला मानवते. पस्तीस ते अडतीस मिलिमीटर पुष्कळ झाले. डांबरावर साठ पौंड हवा असेल तर मुरमावर पंचेचाळीस ठेवावी, म्हणजे हातांना हिसके बसत नाहीत.

उरला वेड्या बाभळीचा काटा. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून टायरच्या आत घालण्याचा गावठी उपाय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सायकल जराशी जड होते इतकेच.

बाजार मात्र दुसरेच काही सुचवितो. स्प्रिंगचा चिमटा बसवा, म्हणजे सायकल ‘आधुनिक’ झाली, असा त्याचा सांगावा असतो. स्वस्तातला असा चिमटा दोन किलोंहून अधिक वजनाचा असतो आणि धूळ-चिखलाने लवकरच अडकून बसतो. मग उरते ते केवळ ओझे. त्याच पैशांत मागे चौतीस दात्यांचे मोठे चक्र असलेले फ्रीव्हील घ्यावे, त्याला पुरेल असा लांब बाहूचा गिअरही बसवावा. पुढे अठ्ठावीस आणि मागे अठ्ठावीस दाते असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर बावीस सेंटिमीटरच्या आत जाते. मागे चौतीस असले तर जेमतेम एक मीटर ऐंशी. मुलूख सपाट आहे, मग चढाचा गिअर कशाला, असे कोणी विचारील. समोरून येणारा माळावरचा वारा आणि कॅरिअरवर दप्तरासह बसलेला धाकटा भाऊ हाही चढच असतो.

खरी अडचण कारागिराची आहे. छर्रे-कोन जाणणारा जुना मिस्त्री गिअरच्या तारेला हात लावायला कचरतो आणि त्याचा मुलगा मोटारसायकलींकडे वळलेला असतो. फ्रीव्हील काढण्याचा पाना, चेन तोडण्याचे यंत्र, तारांची चावी, एवढी चारदोन हत्यारे काही फार महाग नाहीत. अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या संस्था बारामतीत आहेत. त्यांच्या कार्यशाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ शाळकरी मुलांच्या सायकलींसाठी राखून ठेवली तर यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही झीज म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा लवकर कळेल. मिस्त्रीलाही तेथे बोलवावे, आणि शिकविणारा म्हणूनच बोलवावे.

पहिल्या खर्चातच आणखी एक वस्तू धरली पाहिजे, आणि ती गिअरच्याही आधी. गळिताच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या अंधारातही रस्त्यावर असतात. थंडीत दिवस लवकर मावळतो आणि जादा तास संपवून निघालेली मुले त्याच रस्त्याने घरी जातात. सायकलीच्या मागे लाल दिवा आणि चाकांच्या तारांना चमकपट्ट्या, यांना लागणारा पैसा नव्या टायरच्या किमतीपेक्षाही कमी आहे.