मोटारीच्या चाकाचा उखळी सांधा

मोटारगाडीचा विषय निघाला की बोलणे बहुधा इंजिनावर जाते. गाडी लिटरला किती किलोमीटर पळते, घाटात दम धरते की नाही, याची चौकशी सगळेच करतात. पण पुढच्या चाकांच्या आतल्या अंगाला, चिखलाने माखलेला, लिंबाएवढा एक सांधा असतो. त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. इंजिन बंद पडले तर गाडी कडेला उभी राहते आणि आपला वेळ तेवढा जातो. हा सांधा निसटला तर मात्र चाक लुळे पडून आडवे होते आणि गाडी कोणत्या दिशेला जाईल हे आपल्या हातात उरत नाही. मी काही मोटार-इंजिनियर नव्हे; महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. परंतु जुनी गाडी बाळगणाऱ्याला केव्हा ना केव्हा पाना हाती धरावाच लागतो. त्या अनुभवातून या सांध्याविषयी, म्हणजे मिस्त्रीलोक ज्याला बॉल जॉइंट म्हणतात त्याविषयी, चार गोष्टी सांगणार आहे.

बैलगाडीचे चाक आसाभोवती फिरते, एवढेच त्याचे काम. मोटारीच्या पुढच्या चाकाला याशिवाय आणखी दोन कामे असतात. स्टिअरिंग फिरवले की त्याने डावीउजवीकडे वळायचे, आणि खड्डा आला की वरखाली व्हायचे. ही दोन्ही एकाच वेळी साधायची तर बिजागरी पुरत नाही, कारण बिजागरी एकाच बाजूला वळते. आपल्या खांद्यात निसर्गाने ही अडचण कशी सोडवली आहे पाहा. दंडाच्या हाडाचे गोल टोक एका वाटीत बसलेले असते, म्हणून हात चहूकडे फिरतो. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हटलेले आपण वाचले असेल. मोटारीतला सांधा त्याच जातीचा. पोलादाच्या एका दांडीला गोळा असतो, तो वाटीत बसतो, भोवती ग्रीस असते आणि धूळपाणी आत जाऊ नये म्हणून वर रबराची टोपी असते. वाटी बसते ती सस्पेन्शनच्या आडव्या हातात, म्हणजे लोअर आर्ममध्ये. दांडी बसते ती चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्यात. त्याला नकल म्हणतात.

पूर्वी हे काम किंग-पिन नावाची जाड खीळ करी. तिला वरचेवर ग्रीस द्यावे लागे. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन गाडीत आणि १९५४ पासून फोर्ड गाड्यांत तिच्या जागी उखळी सांधे आले. तिकडे इंग्लंडात फोर्डच्या कॉन्सल गाडीत १९५० साली मॅकफर्सन या इंजिनियरच्या पद्धतीचे सस्पेन्शन बसवले गेले. त्यात स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर मिळून एकच उभा खांब होतो आणि खाली एकच हात उरतो. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० याच पद्धतीची, आणि तिच्यानंतरच्या बहुतेक लहान गाड्याही याच पद्धतीच्या. तेव्हा पुढचे विवेचन मुख्यत्वे अशा गाड्यांना धरून आहे.

आता हा सांधा झिजतो कसा? नुसत्या वापराने झिजायला पुष्कळ वर्षे लागतात. खरा घात होतो तो रबराची टोपी फाटल्यामुळे. टोपीला बारीकशी चीर पडली की पावसाळ्यात गढूळ पाणी आत शिरते, ग्रीस बाहेर येते आणि मातीचे कण गोळ्याला पॉलिश-कागदासारखे घासू लागतात. गोळा लहान होतो, वाटी मोठी होते आणि दोघांमध्ये ढिलाई येते. खड्ड्यातून जाताना पुढून ‘खट्’ असा आवाज येणे, सरळ रस्त्यावरही गाडी इकडेतिकडे ओढणे, टायर एकाच काठाने खाल्ला जाणे, ही त्याची लक्षणे. पण हीच लक्षणे दुसऱ्या भागांच्या झिजेनेही दिसतात. म्हणून नुसत्या आवाजावरून सांधा बदलू नये. आधी परीक्षा करावी.

परीक्षा सोपी आहे. जॅक गाडीच्या अंगाखाली लावून चाक अधांतरी करावे आणि अंगाखाली भक्कम आधार द्यावा. मग चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवावे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. आता ढिलाई नाहीशी झाली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तशीच राहिली, तर उखळी सांध्याकडे पाहावे. तो नकलजवळ हलताना डोळ्यांना दिसतो. चाक डावीउजवीकडे धरून हलवल्यावर जी ढिलाई येते, ती बहुधा स्टिअरिंगच्या टाय-रॉडची असते. काही जुन्या गाड्यांत आणि जीपगाड्यांत मात्र वर एक व खाली एक असे दोन हात असतात आणि स्प्रिंग खालच्या हातावर टेकलेली असते. तिथे जॅक गाडीच्या अंगाखाली लावला तर स्प्रिंग सांध्याला दाबून धरते आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. अशा गाडीत जॅक त्या खालच्या हाताखालीच लावून परीक्षा करायची असते.

हा फरक आपण नीट ध्यानात घ्यावा, कारण घरी काम करावे की नाही याचा निर्णयही त्यावरच आहे. मॅकफर्सन पद्धतीत स्प्रिंग खांबातच जखडलेली असते. खालचा सांधा सोडवला तरी ती उसळत नाही. फक्त खांबाच्या माथ्याचा मधला मोठा नट सोडायचा नाही, एवढे पथ्य. दोन हातांच्या पद्धतीत सांधा सुटला की दाबलेली स्प्रिंग मोकळी होते, आणि तिच्यात माणसाचे हाड मोडण्याइतके बळ असते. ज्याच्याजवळ स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन आणि त्याची माहिती नाही, त्याने ते काम गॅरेजातच न्यावे. यात कमीपणा काहीच नाही.

घरी काम करायचे ठरले, तर पहिली गोष्ट जागेची. फरशी किंवा काँक्रीट हवे. मातीत जॅक रुततो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग गाडी उचलून लोखंडी जॅक-स्टँडवर टेकवावी. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. त्यातले तेल गळले की तो बसतो. विटांची चळतही नको, कारण वीट न सांगता फुटते. काढलेले चाक गाडीच्या अंगाखाली आडवे सरकवून ठेवावे. मारुती ८०० सारखी हलकी गाडीदेखील सुमारे साडेसहाशे किलोची असते, हे विसरू नये.

आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवले, तर सकाळचा निम्मा त्रास वाचतो. तारेच्या ब्रशाने चिखल काढावा. मॅकफर्सन पद्धतीच्या लहान गाड्यांत बहुधा सांध्याची दांडी नकलच्या भोकात असते. त्या भोकाला एक चीर असते आणि आडवा बोल्ट ती आवळून धरतो. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. कारण दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून गेलेला असतो. हे ठाऊक नसले की माणूस तासभर हातोडा मारीत बसतो. बोल्ट निघाल्यावर पहारीने खालचा हात खाली दाबला की दांडी सुटते. अँटी-रोल बार हाताला जोडलेला असेल, तर तो आधी सोडवावा. नकल फार बाहेर ओढू नये. नाही तर इंजिनाकडून येणारी ड्राइव्ह-शाफ्ट आतून निसटते. ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येऊ देऊ नये.

दुसऱ्या काही गाड्यांत दांडी निमुळती असते आणि तिला नट व स्प्लिट पिन असते. तिथे पिन काढून नट काही आटे सैल करावा, पण टोकावर राहू द्यावा, म्हणजे सांधा एकदम उसळून सुटत नाही. मग पुलर लावावा. किंवा दांडीवर घाव न घालता नकलच्या ज्या भोकात ती बसली आहे त्याच्या बाजूवर हातोड्याचा नेमका ठोका द्यावा. निमुळती पकड आपोआप सुटते.

नवा सांधा काही गाड्यांत बोल्टांनी बसतो, काहींत प्रेसने दाबून बसवावा लागतो, आणि कित्येकांत तो हाताबरोबर एकजीवच येतो. मग सबंध हात बदलावा. प्रेसचे काम असेल तर हात काढून वर्कशॉपमध्ये न्यावा. ठोकून सांधा बसवू नये. जुन्या सांध्याची वाटी ठोकून किंवा वेल्डिंग करून ‘चालेल साहेब, अजून दोन वर्षं’ असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नको म्हणावे. दोन पैसे वाचवण्याच्या जागा गाडीत पुष्कळ आहेत; ही त्यांतली नव्हे.

बसवताना चार नियम पाळावेत. निमुळती दांडी व तिचे भोक पुसून कोरडे ठेवावे, तिथे ग्रीस लावू नये. स्प्लिट पिन आणि लॉकनट नवे घ्यावेत. नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क-पान्याने आवळावा. पिनचे भोक जुळले नाही तर नट किंचित पुढे आवळावा, मागे कधी फिरवू नये. आणि हात बदलला असेल, तर त्याच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. अधांतरी आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाना लावून पाहावेत. एका बाजूचा सांधा झिजला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तपासावा. दोघांनी खड्डे सारखेच खाल्लेले असतात. यानंतर गाडी थेट व्हील अलाइनमेंटला न्यावी, नाही तर नवे टायर काही महिन्यांत एका काठाने झिजतील.

एवढे काम करण्याची सवड किंवा इच्छा सर्वांना असेल असे नाही. पण एक गोष्ट मात्र कोणालाही जमण्यासारखी आहे. पावसाळा लागण्यापूर्वी आणि संपल्यावर, चाक बाजूला वळवून, टॉर्चच्या उजेडात त्या रबराच्या टोपीकडे एकदा पाहावे. ती अखंड आणि कोरडी असेल तर सांधा बहुधा निरोगी आहे. फाटलेली किंवा ग्रीसने ओली दिसली, तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी चाक उचलून वरची परीक्षा करावी, आणि ढिलाई सापडली तर प्रवास पुढे ढकलावा.