जंगलातला मुक्काम, तोही फुकट: नॅशनल फॉरेस्टमधलं 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग'



मेमोरियल डेचा लाँग वीकएंड जवळ आला की आपल्याकडे फोनाफोनी सुरू होते. "या वेळी कॅम्पिंगला जाऊ या का?" सगळे एका पायावर तयार असतात. मग कोणीतरी लॅपटॉप उघडून कॅम्पग्राऊंडचं बुकिंग बघतं आणि उत्साह तिथल्या तिथे मावळतो. सरकारी कॅम्पग्राऊंडमधल्या बऱ्याचशा जागा सहा महिने आधी बुकिंगला खुल्या होतात आणि शेनंडोहसारख्या ठिकाणचे चांगले वीकएंड तेव्हाच उडतात. शेवटी चार कुटुंबं कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक करून समाधान मानतात.

आपल्यापैकी कित्येकजण कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडाच्या गुहेत नाहीतर राजमाचीच्या एखाद्या पडवीत पथारी टाकून झोपलेले आहेत. तिथे ना बुकिंग होतं, ना नंबर घातलेला प्लॉट. अमेरिकेत असं काही चालत नाही, अशी आपली पक्की समजूत असते. पण चालतं, आणि रीतसर चालतं. त्याला 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात. आखलेल्या कॅम्पग्राऊंडच्या बाहेर, जंगलात योग्य जागा बघून तंबू ठोकायचा. बहुतेक ठिकाणी भाडं नाही, बुकिंग नाही. त्याबरोबर नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक घोळ निस्तरू या. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्क हे इंटिरियर खात्याच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे असतं, आणि तिथे निसर्ग जसा आहे तसा राखण्यावर भर असल्यामुळे मुक्कामाचे नियम कडक. नॅशनल फॉरेस्ट मात्र शेतीखात्याच्या अखत्यारीतल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे. १९०५ साली ही संस्था स्थापन झाली तेव्हापासून लाकूड, पाणी, चराई, शिकार, भटकंती असे जंगलाचे अनेक उपयोग चालावेत हे तिचं धोरण राहिलं आहे. देशात अशी १५४ नॅशनल फॉरेस्ट्स आहेत, आणि फॉरेस्ट सर्व्हिसकडे एकूण सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे. यातल्या बऱ्याच मोठ्या भागात डिस्पर्स्ड कॅम्पिंगला परवानगी असते. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. पश्चिमेकडे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवरही असंच राहता येतं, पण आपल्या वॉशिंग्टन-व्हर्जिनिया भागातल्या लोकांना जवळची म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन अँड जेफरसन आणि वेस्ट व्हर्जिनियातलं मोनोंगहेला.

ही पूर्वेकडची जंगलं आली कुठून, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पश्चिमेकडची जंगलं सरकारकडे आधीपासूनच होती, पूर्वेकडे मात्र बहुतेक जमीन खाजगी मालकीची. लाकूड कंपन्यांनी वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर तासून बोडके केले. १९०७ साली मोनोंगहेला नदीला मोठा पूर आला आणि पिट्सबर्गपर्यंत हाहाकार झाला. डोंगरावर झाडं नसली की खाली काय होतं ते सगळ्यांना दिसलं. १९११ साली वीक्स कायदा झाला आणि केंद्र सरकारला नद्यांच्या उगमाजवळच्या अशा जमिनी विकत घेण्याचा अधिकार मिळाला. मोनोंगहेला नॅशनल फॉरेस्ट १९२० साली जाहीर झालं. आज तिथे जे ९ लाखांहून जास्त एकरांचं हिरवं रान दिसतं, ते जवळजवळ सगळं त्यानंतर पुन्हा वाढलेलं आहे. म्हणूनच नकाशा बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्वेकडच्या फॉरेस्टच्या सीमेच्या आतसुद्धा मधूनमधून खाजगी जमिनी आहेत. झाडावर 'नो ट्रेसपासिंग'ची पाटी दिसली तर वाद न घालता पुढे जावं.

आता जागा कशी शोधायची? सगळ्यात सोपी आणि खात्रीची वाट म्हणजे त्या भागाच्या रेंजर ऑफिसला आठवड्याच्या मधल्या वारी फोन करणं. "चार माणसं, दोन तंबू, साधी सिडॅन गाडी, कुठे जावं?" असं सरळ विचारा. ही माणसं फार मोकळेपणाने सांगतात, कुठला रस्ता खराब झालाय, कुठे बंदी आहे, हेही कळतं. दुसरं साधन म्हणजे 'मोटर व्हेइकल यूज मॅप'. हा नकाशा फुकट मिळतो आणि फोनवर उतरवूनही घेता येतो. कुठल्या फॉरेस्ट रोडवर गाडी न्यायला परवानगी आहे हे त्यावर असतं, आणि काही फॉरेस्टमध्ये रस्त्यापासून किती अंतरापर्यंत गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो तेही दाखवलेलं असतं. दिसायला हा नकाशा अगदी रुक्ष, नुसत्या रेघा आणि आकडे. पण कायद्याने तोच खरा.

प्रत्यक्ष तिथे गेल्यावर नवी जागा साफ करत बसू नका. पूर्वी लोक राहून गेलेली, दगडांची चूल मांडलेली सपाट जागा बहुतेक वेळा सापडते, तीच घ्यावी. ओढ्यापासून निदान २०० फूट लांब राहावं. पाण्याच्या काठावरचा तंबू फोटोत सुंदर दिसतो, पण थंडी, दव आणि डास सगळे तिथेच असतात. वर मान करून बघायलाही विसरू नका. वाळलेलं झाड किंवा अडकलेली मोठी फांदी डोक्यावर असेल तर जागा बदला. जंगलखात्याची माणसं अशा फांद्यांना 'विडो मेकर' म्हणतात, आणि ते नाव गमतीने पडलेलं नाही. फाटक बंद असलं तरी त्याच्यासमोर गाडी लावू नये, आगीचा बंब तिथूनच जातो. एका जागी सलग किती दिवस राहायचं यालाही मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी ती १४ दिवसांची आहे. आपली रजा बघता हा नियम आपल्याकडून मोडला जाण्याची भीती नाही!

सगळे मनात विचारतात पण उघड कोणी विचारत नाही, तो प्रश्न आता घेऊ. संडासाचं काय? खुरपं न्यायचं. पाणी, वाट आणि तंबू या तिन्हींपासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं, दूर जायचं. ६ ते ८ इंच खोल खड्डा करायचा आणि काम झाल्यावर मातीने बुजवून टाकायचा. त्याहून उथळ असेल तर प्राणी उकरतात. कागद वापरलात तर तो पिशवीत घालून परत आणणं उत्तम. इथे आपली तांब्याची सवय कामाला येते, एवढंच म्हणतो. लहान मुलं या सगळ्याला दोन तासांत सरावतात. अडचण होते ती भारतातून आलेल्या आई-बाबांची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री अंधारात उकिडवं बसायला लावणं बरं नव्हे. त्यांच्यासाठी घडीची खुर्चीवजा सीट आणि पिशव्या कॅम्पिंगच्या दुकानात मिळतात. नाहीतर त्यांना सरळ जवळच्या गावातल्या मोटेलमध्ये ठेवा आणि दिवसा जंगलात घेऊन या. त्यात काही कमीपणा नाही.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला एक गॅलन या हिशोबाने घरूनच न्या. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात जियार्डिया असू शकतो. वापरायचंच झालं तर खळखळून एक मिनिट उकळा, आणि साडेसहा हजार फुटांच्या वर असाल तर तीन मिनिटं.

खाणं हा आपल्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय, आणि तिथेच काळजी घ्यायला हवी. मोनोंगहेलात काळी अस्वलं आहेत, वेस्ट व्हर्जिनियाचा तो राज्यप्राणीच आहे. अस्वल सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, त्याला हवा असतो तुमचा डबा. लसणीची फोडणी, तळलेले वडे, तेलात मुरलेलं लोणचं यांचा वास त्याला फार लांबून लागतो. तेव्हा स्वयंपाक आणि जेवण तंबूपासून शंभरएक पावलांवर करा. जेवण झाल्यावर भांडी, कचरा, टूथपेस्ट, साबण, वासाचं जे जे असेल ते सगळं एकत्र करून गाडीत काचा लावून ठेवा. गाडी लांब असेल तर पिशवी फांदीवर टांगा, जमिनीपासून निदान १० फूट उंच आणि खोडापासून ४ फूट दूर. पश्चिमेकडे काही भागांत गाडीत खाणं ठेवणंही चालत नाही, तिथे अस्वलं दार उघडतात, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे विचारून घ्यावेत. तंबूत चिवड्याची पुडी नेऊ नये, हे मुलांना दोनदा सांगा आणि मोठ्यांना तीनदा. माझ्या मते पहिल्या खेपेला तळणबिळण नकोच. मेतकूट-भात, तूप, घरून भाजून नेलेली थालीपिठं, एवढ्यावर दोन दिवस मजेत निघतात.

शेकोटीबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनिस्लॉस नॅशनल फॉरेस्टमध्ये लागलेला 'रिम फायर' योसेमिटीपर्यंत पसरला आणि अडीच लाख एकरांहून जास्त रान जळालं. एका शिकाऱ्याने बंदी असताना पेटवलेल्या शेकोटीतून तो सुरू झाला, असा तपासाचा निष्कर्ष होता. आपली हिरवीगार पूर्व म्हणजे काही कॅलिफोर्निया नाही, हे खरं. पण पालवी फुटण्याआधी इथेही पाचोळा कुरकुरीत वाळलेला असतो. व्हर्जिनियात १५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात जंगलाच्या ३०० फुटांच्या आत दुपारी ४ वाजायच्या आधी उघड्यावर आग पेटवायला कायद्याने मनाई आहे. निघण्याच्या दिवशी त्या फॉरेस्टमध्ये आगीवर बंदी आहे का ते बघून घ्या. कॅलिफोर्नियाच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये तर कॅम्पग्राऊंडच्या बाहेर गॅसची शेगडी पेटवायलाही परवाना लागतो. तो फुकट मिळतो, पण खिशात हवा. झोपण्यापूर्वी शेकोटीवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि मग राखेजवळ हात नेऊन बघायचा. हाताला ऊब लागली तर अजून विझलेली नाही.

लाकूड घरून नेऊ नका. २००२ साली मिशिगनमध्ये एमराल्ड अॅश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा सापडला आणि पुढे लोकांनी इकडून तिकडे नेलेल्या सरपणाबरोबर राज्याराज्यांत पसरला. अॅशची कोट्यवधी झाडं त्याने मारली. तिथेच खाली पडलेलं वाळकं लाकूड गोळा करा. उभं झाड, मग ते वाळलेलं का असेना, तोडायचं नाही.

फोनवर भिस्त ठेवू नका. मोनोंगहेलाचा बराच भाग 'नॅशनल रेडिओ क्वाएट झोन'मध्ये येतो. ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून १९५८ साली १३,००० चौरस मैलांचा हा टापू ठरवण्यात आला, आणि त्यात ट्रान्समीटरवर निर्बंध आहेत. फोनवर एकही दांडी दिसत नाही तेव्हा नकाशाही उघडत नाही. म्हणून कागदी नकाशा न्या. फॉरेस्ट रोडचा नंबर आणि परतीची वेळ घरी राहिलेल्या कोणालातरी लिहून द्या, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून मदत मागायची तेही ठरवून ठेवा. रेंजर ऑफिस आणि जवळचं हॉस्पिटल कुठे आहे ते निघण्यापूर्वीच बघा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी हवी. संध्याकाळी सगळ्यांचे पाय, मानेची मागची बाजू आणि केसांत गोचीड आहे का ते तपासा, कारण लाइम रोग याच भागात फार आहे.

डॉली सॉड्स हे आपल्याकडे हल्ली फार बोललं जाणारं ठिकाण. तिथे दुसऱ्या महायुद्धात सैन्याचा तोफा-उखळींचा सराव चालायचा, आणि न फुटलेले गोळे नंतरच्या काळातही सापडले आहेत. जमिनीत गंजलेलं काही दिसलं तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवून कळवा. आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जायचा बेत असेल तर ऐका, वेस्ट व्हर्जिनियात बंदुकीने हरणाची शिकार त्याच आठवड्यातल्या सोमवारी सुरू होते. भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी घातल्याशिवाय बाहेर पडू नये, किंवा त्या आठवड्यात जाऊच नये.

शेवटी मंडळाच्या कामाचा एक मुद्दा. "आपण सगळे मिळूनच जाऊ या की!" हे वाक्य प्रत्येक कमिटीत निघतं. पण ७५ किंवा त्याहून जास्त माणसं जमणार असतील तर फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना घ्यावा लागतो. आणि सहभागासाठी शुल्क घेतलं, तर नफा असो वा नसो, तो कार्यक्रम व्यावसायिक धरला जातो. तेव्हा माणशी दहा डॉलर जमा करण्यापूर्वी रेंजर ऑफिसला विचारणं शहाणपणाचं. शिवाय डॉली सॉड्ससारख्या विल्डरनेसमध्ये एका गटात १० च माणसांना मुभा आहे. खरं सांगायचं तर दोन-तीन कुटुंबांहून जास्त लोक असले की ते जंगल राहत नाही, गणपतीचा मांडव होतो.

पहिल्या खेपेला स्प्रूस नॉबचा परिसर निवडायला हरकत नाही. ४,८६३ फूट उंचीचं हे वेस्ट व्हर्जिनियातलं सर्वांत उंच शिखर, आणि माथ्याजवळपर्यंत गाडी जाते. जूनमध्येही रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून स्वेटर आणि जाड स्लीपिंग बॅग हवीच. आकाश तिथे इतकं काळं असतं की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यासाठी अमावास्येच्या जवळपासचा शनिवार गाठा. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच, त्यात लगेच सापडेल.